हेंडरसन फील्डचा भराव

१ सप्टेंबर १९४२. 'बीटलज्यूस' या मालवाहू जहाजातून तुम्ही होडीत उतरता आणि होडीतून ग्वाडलकनालच्या वाळूत. समोर लुंगा पॉइंटची नारळाची बाग, लिव्हर कंपनीची. झाडं सूत धरून लावलेली, ओळी दूरवर सरळ गेलेल्या. खाली पडलेले नारळ कुजलेत आणि त्यांचा आंबूस वास हवेत साचून राहिलाय. किनाऱ्यावर मरीन सैनिक उभे आहेत, विशी-बाविशीची पोरं, गाल बसलेली. ती तुमच्याकडे पाहून जरा बुचकळ्यात पडतात, कारण तुमचे केस पिकायला लागलेत. तुम्ही अडतीस वर्षांचे. तुमच्या पुढे चालणारा पंचेचाळिशीचा. मरीनांमध्ये पुढे एक बोलणं रुळलं: सीबीच्या अंगावर हात टाकू नका, तो तुमच्यातल्याच कुणाचा तरी बाप निघायचा.

तुम्ही शिपाईगडी नव्हे. गेल्या वर्षापर्यंत धरणावर होतात, नाहीतर बोगद्यात, नाहीतर एखाद्या उंच इमारतीच्या लोखंडी सांगाड्यावर. आता अमेरिकन नौदलाच्या सहाव्या बांधकाम बटालियनमध्ये आहात. कन्स्ट्रक्शन बटालियनच्या सी आणि बी या अक्षरांवरून सगळे तुम्हाला सीबी म्हणतात. आज उतरलेत ते जेमतेम चारशे जण, बरोबर दोन बुलडोझर. बाकीची बटालियन मागून येतेय. या बेटावर लढाई चालू आहे, आणि चालू लढाईत सीबींची तुकडी पाठवण्याची ही पहिलीच वेळ.

चाळिशीला आलेल्या सुताराला इथे का आणलं, हे कळायला आधी वेक बेटावर जाऊन यायला हवं.

डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले त्याच सुमारास वेकवरही पडू लागलेत. अकराशेहून अधिक बांधकाम कामगार कंत्राटदाराच्या पगारावर इथे नौदलाचा तळ बांधतायत. त्यांच्या अंगावर गणवेश नाही. बिनगणवेशाचा माणूस हातात बंदूक घेऊन सापडला, तर त्याला युद्धकैद्याचं संरक्षण मिळत नाही. जागच्या जागी गोळी घालता येते. हे ठाऊक असूनही त्यांतले कितीतरी जण मरीनांच्या तोफांपाशी जाऊन उभे राहतात, गोळे उचलून देतात. २३ डिसेंबरला बेट पडतं. बहुतेकांना कैद करून घेऊन जातात. काहींना तिथेच कामाला ठेवतात, आणि त्यांतल्या उरलेल्या ९८ जणांना ऑक्टोबर १९४३ मध्ये ठार मारतात.

वॉशिंग्टनमध्ये नौदलाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल बेन मोरील यांनी वेक पडल्यावर पाचव्याच दिवशी, २८ डिसेंबरला, परवानगी मागितली: कारागिरांना नौदलात घ्या, गणवेश द्या, बंदूक द्या. ५ जानेवारी १९४२ ला ती मिळाली. मग दुसरा पेच आला. नौदलाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे हुकूम चालवायचा तो जहाजावर वाढलेल्या अधिकाऱ्यांनी. अभियंता नुसता सल्ला देणार. मोरील हटले नाहीत. नौदलमंत्री फ्रँक नॉक्स यांच्याकडे त्यांनी बाजू मांडली, आणि १९ मार्चला ठरलं की बांधकाम बटालियनवर हुकूम अभियंत्याचाच चालेल. ग्वाडलकनालची लढाई वाचताना मी या कागदावर पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. पुढे ऑक्टोबरात जे घडलं ते मातीची जात ओळखणाऱ्या माणसाच्या हाती हुकूम होता म्हणून घडलं, असं माझं ठाम मत आहे.

मग तुम्ही भरती झालात. अठरा ते पन्नास वयाची माणसं घेत होते. सुरुवातीच्या भरतीचं सरासरी वय ३७. सुतार, लोहार, वेल्डर, नळकाम करणारे, सुरुंग लावणारे, क्रेन चालवणारे, पाणबुडे: साठांहून अधिक धंदे. कुठलाही धंदा शिकवण्याची गरज नव्हती, म्हणून कवायतीचे तीन आठवडे पुरे मानले. एका बटालियनला ३२ अधिकारी आणि १,०७३ माणसं. तुमचे कमांडर जोसेफ ब्लंडन, स्थापत्य अभियंते.

आता परत लुंगाला या.

बागेतून आत चालत गेलात की झाडं संपतात आणि मोकळा सपाट पट्टा लागतो. हीच ती जागा. ७ ऑगस्टला मरीन इथे उतरले ते याच पट्ट्यासाठी, आणि ८ ऑगस्टला तो त्यांच्या हाती आला. (त्याच तारखेला मुंबईत गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव मंजूर होत होता.) पण पट्टा मरीनांनी आखलेला नाही आणि तुम्हीही नाही. तो जपानी नौदलाच्या बांधकाम तुकड्यांनी आखला, आणि त्या तुकड्यांत कोरियातून आणलेले मजूर मोठ्या संख्येने होते. दोन्ही टोकांकडून काम करत ते मध्याकडे येत होते. मध्ये दोनशे फुटांच्या आसपास अंतर उरलं असताना बॉम्ब पडू लागले आणि माणसं हातातलं टाकून रानात पळाली. त्यांचे रोडरोलर, ट्रक, छोट्या रुळांवरच्या डबेगाड्या, सिमेंट, तांदळाची पोती, सगळं जिथल्या तिथे राहिलं. त्याच रोलरनी मरीनांच्या इंजिनिअरांनी मधली फट भरली. २० ऑगस्टला पहिली विमानं उतरली, १९ वाइल्डकॅट आणि १२ डॉन्टलेस. मैदानाला मिडवेच्या लढाईत मारल्या गेलेल्या मेजर लॉफ्टन हेंडरसन या मरीन वैमानिकाचं नाव देऊन झालं होतं.

रानात पळालेले मजूर पुढे उपासमारीने बाहेर येऊ लागले. सुरुवातीच्या दिवसांत या बेटावर धरले गेलेले कैदी बहुतांश असेच, फावड्याची माणसं. तुम्ही ज्या मातीवर रोलर फिरवताय ती त्यांनी तोडलेली आहे. त्यांची नावं या मैदानावर कुठे लागलेली नाहीत.

तुमच्या लगेच लक्षात येतं, माती दगा देणारी आहे. कोरड्या दिवशी काळी धूळ उडते आणि विमानांच्या इंजिनांत जाऊन बसते. पावसाची एक सर आली की तीच माती चिखल होते, चाकं बसतात, बॉम्ब लटकवलेलं विमान धावपट्टीच्या शेवटापर्यंत पोचूनही हवेत उचललं जात नाही. मुरूम आणून भराव टाकायचा, कडेला उतार द्यायचा, चर खणायचे, रोलर फिरवायचा. आणि वरून पोलादी पत्रे अंथरायचे. एक पत्रा दहा फूट लांब, पंधरा इंच रुंद, ६६ पौंड वजनाचा, चाळणीसारखा भोकांनी भरलेला: ८७ भोकं. कडेच्या आकड्यांनी एकात एक अडकतात, ठोकायला खिळा लागत नाही. नॉर्थ कॅरोलायनातल्या मार्स्टन गावाजवळ त्यांची चाचणी झाली, म्हणून नाव मार्स्टन मॅट. शेजारी, मैलभर पूर्वेला, लढाऊ विमानांसाठी गवताची दुसरी धावपट्टीही तुम्हीच साफ करता. ९ सप्टेंबरपासून ती वापरात येते.

दिवसाची लय अंगवळणी पडते. जपानी बॉम्बफेकी विमानं उत्तरेला रबाउलहून निघतात, इथवर हजार किलोमीटरच्या आसपास उडत येतात, म्हणून दुपारच्या सुमाराला पोचतात. वाटेत बूगनव्हिल बेटाच्या डोंगरांत लपून बसलेले किनारापहारेकरी रेडिओवर वर्दी देतात: इतकी विमानं, या दिशेने. आपली विमानं उंची गाठायला आधीच उडून जातात. तुम्ही खंदकात. जेवण दिवसातून दोनदा, त्यातही जपान्यांचा तांदूळ. मलेरियासाठी अ‍ॅटाब्रिनच्या कडू गोळ्या, ज्यांनी कातडी पिवळी पडते. गोळी घेऊनही ताप येतोच.

आणि मग बॉम्ब पडतात. विमानं गेल्याचा आवाज पुरता विरण्याआधी तुम्ही पळायला लागता, पण रानाकडे नाही, धावपट्टीकडे.

इथून पुढचं नीट पाहा, कारण या बेटावर लढाई टिकली ती इथे. पाचशे पौंडांचा एक बॉम्ब साधारण किती पत्रा फाडतो याचा ब्लंडन यांच्या माणसांनी हिशेब बसवलाय: १,६०० चौरस फूट. मग बरोबर तेवढ्या पत्र्यांचे गठ्ठे बांधून पट्टीच्या कडेने ठेवलेत. एका खड्ड्याला वाळू आणि खडी किती लागेल तेही मोजून, तेवढी ट्रकात भरून, ट्रक झाडांच्या आडोशाला उभे करून ठेवलेत. कॉम्प्रेसर आणि हवेवर चालणारे हातोडे तयार आहेत, कारण भराव नुसता ओतून भागत नाही. थरावर थर धुमसून दाबला नाही, तर पहिल्याच विमानाच्या चाकाखाली तो खचेल आणि विमान नाकावर आपटेल.

एक टोळी फाटलेले, वर मुडपलेले पत्रे पहारीने उचकटून ओढून काढते. ट्रक उलटा येऊन खड्ड्याच्या तोंडाशी टेकतो. वाळू ओतली जाते, हातोडे धडधडू लागतात. मागे माणसांची रांग लागलेली असते, पत्रा हातोहात पुढे सरकतो. तुम्ही रांगेत आहात. ६६ पौंड उजवीकडून येतात, डावीकडे जातात, पुन्हा येतात. उन्हात तापलेल्या पोलादाने तळवे भाजतात. शंभर माणसांनी एक खड्डा बुजवून वर पत्रा बसवायला चाळीस मिनिटं लागतात. डोक्यावर आपली विमानं घिरट्या घालतायत. त्यांतल्या एखाद्याच्या शेपटामागून धूर निघतोय आणि त्याच्या टाकीत चाळीस मिनिटांचं पेट्रोल आहे की वीसचं, हे तुम्हाला खालून कळत नाही. म्हणून मान वर करायची नाही, पत्रा पुढे द्यायचा.

सगळ्यांत भीतीचा बॉम्ब कुठला? न फुटलेला. तो पत्रा फाडून आत जातो, मातीत रुततो आणि गप्प राहतो. त्याच्या भोवतीचे पत्रे कुणाला तरी उचकटावेच लागतात. त्या वेळी रांगेत कुणी बोलत नाही.

३ ऑक्टोबरला तुमच्याच बटालियनमधला लॉरेन्स मायर हा नाविक टाकून दिलेली एक मशीनगन दुरुस्त करून तिने एक जपानी झीरो विमान पाडतो. पुढे त्यासाठी सिल्व्हर स्टार मिळतो, सीबींमधला पहिला. मोडलेलं यंत्र उचलून नीट करावं ही त्याची बुद्धी कारागिराची होती, एवढंच मला त्यात दिसतं, आणि ते थोडं नाही.

१३ ऑक्टोबर. या दिवशी इथे कुणालाही आणू नये, पण आलाच आहात तर राहा. दुपारी दोनदा बॉम्ब पडतात. संध्याकाळी पश्चिमेच्या टेकड्यांतून जपान्यांची १५० मिलिमीटरची तोफ पहिल्यांदाच धावपट्टीवर गोळे टाकू लागते; तिचा नेम दिवसाही असणार, रात्रीही. मध्यरात्र उलटते. दीडच्या सुमाराला आकाशात उजेडाचे गोळे फुटतात, लाल, पांढरे, हिरवे, आणि समुद्राकडून असा आवाज येतो जो बॉम्बचा नाही, तोफेचाही वाटत नाही. 'कोंगो' आणि 'हारुना' या दोन युद्धनौका चौदा इंची तोफांनी मैदान नांगरतायत. सव्वा तासाहून अधिक वेळ. साडेनऊशेहून अधिक गोळे. खंदकाच्या भिंती हलतात, माती अंगावर येते, नारळाची झाडं बुंध्यापासून तुटून पडतात. पेट्रोलचा साठा पेटतो आणि रात्र इतकी उजळते की समोरच्या माणसाच्या दाढीचे केस दिसावेत. तुमच्या शेजारचा, जो आयुष्यभर बोगद्यांत सुरुंग लावत आला, तो दोन्ही हातांनी कान दाबून बसलाय.

पहाटे हिशेब होतो. ४१ माणसं मेलीत. नव्वदपैकी ४८ विमानं गेलीत. पेट्रोल जवळजवळ संपलंय.

आणि तुम्ही फावडं उचलता. ब्लंडन यांनी पुढे सांगितलं त्याप्रमाणे १३ आणि १४ तारखेच्या चोवीस तासांत त्या एका धावपट्टीवर ५३ बॉम्ब आणि गोळे पडले. १४ तारखेला एका तासात तेरा खड्डे बुजवले गेले, वर विमानं उतरायची वाट पाहत असताना. फावडी पुरली नाहीत तेव्हा माणसांनी डोक्यावरची हेल्मेटं काढली, त्यांत माती भरली आणि खड्ड्यात नेऊन ओतली. त्या दिवशी जेवण नव्हतं, कारण आचारीही रांगेत उभे राहून पत्रा पुढे देत होते. हेल्मेट काढून त्यात माती भरणं म्हणजे काय, हे आधी खंदकात बसून आल्याशिवाय कळायचं नाही.

पेट्रोलसाठी माणसं रान धुंडाळतात; आधी लपवून विसरलेली चारशेच्या आसपास पिंपं सापडतात. मोडक्या बी-१७ विमानांच्या टाक्यांतून उरलंसुरलं काढतात. दक्षिणेकडून वाहतुकीची विमानं येऊ लागतात. एका विमानात बारा पिंपं, म्हणजे बारा वाइल्डकॅटना तासभर. १५ तारखेला सकाळी तुम्ही मान वर करता तर पश्चिमेला किनाऱ्याशी जपानी वाहतूक जहाजं दिवसाढवळ्या सैन्य उतरवतायत, नुसत्या डोळ्यांना दिसतायत. दुरुस्त केलेल्या पट्टीवरून, गोळा केलेल्या पेट्रोलवर विमानं उडतात आणि त्यांतली तीन जहाजं किनाऱ्यावर चढवून सोडून द्यावी लागतात.

१६ तारखेला संध्याकाळी 'मॅकफारलंड' हे जहाज लुंगापाशी पेट्रोल उतरवत असताना नऊ विमानं त्याच्यावर झेपावतात. शेजारचा पेट्रोलचा तराफा पेटतो. त्या कामावर लॉरेन्स मायर होता. झीरो पाडून त्याला तेरा दिवस झाले होते.

नोव्हेंबरच्या मोठ्या आरमारी लढाईवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. इथे एवढंच पुरे की १४ तारखेला अकरा जपानी जहाजांचा सैन्याने भरलेला तांडा येत होता, त्यांतली सात बुडाली, चार किनाऱ्यावर चढवावी लागली, आणि त्यांच्यावर गेलेली बरीचशी विमानं या पत्र्यांवरून उडाली. १ सप्टेंबर ते १८ नोव्हेंबर या काळात धावपट्टीला निदान एक तरी फटका बसला असे १४० हल्ले ब्लंडन यांच्या बटालियनने मोजले. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपान्यांनी बेट सोडलं. त्याआधीच तुमची तापाने पोखरलेली बटालियन विश्रांतीसाठी न्यूझीलंडला गेली होती.

तुम्ही मात्र जाऊ नका. थोडं थांबा, १९४३ मध्ये. लढाईचे इतिहास बहुधा इथे दुसऱ्या बेटाकडे वळतात, आणि मला खटकतं ते तेच.

किनाऱ्यावर बघा. जहाजांतून माल उतरवणारी माणसं या बेटांची आहेत. ब्रिटिश वसाहत सरकारने सॉलोमन बेटांचं कामगार दल उभं केलंय. त्यांतले पुष्कळ जण मलायता बेटावरचे. महिना एक पौंड मजुरी. अमेरिकन सैनिक खुशीने आणखी द्यायला तयार असतात. वसाहतीच्या अधिकाऱ्यांना ते खपत नाही. पेट्या, पिंपं, बॉम्ब, सगळं यांच्या खांद्यांवरून जातं. ज्या जमिनीवर धावपट्टी आहे ती यांच्याच लोकांची होती, बागेच्याही आधी.

आता खाडीपल्याड फ्लोरिडा बेटावर हालाव्होला या. तिथे सागरी विमानांच्या तळावर ३४ वी बांधकाम बटालियन काम करतेय. तुमच्यासारखेच सीबी, तीच यंत्रं, तोच धंदा. पण कामगार सगळे कृष्णवर्णीय आणि अधिकारी सगळे गोरे. वीस महिन्यांहून जास्त काळ ही माणसं सॉलोमनमध्ये राबतात. तंबू वेगळे, भोजनगृह वेगळं, आणि बढतीची वाट बंद. वर्षानुवर्षं धंदा केलेल्या माणसाच्या डोक्यावर कालचा पोरगा मुकादम म्हणून आणून बसवला, तर काय होतं हे बांधकामावर राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. बेटांवरचे लोकही त्यांच्याकडे निरखून पाहतात. आपल्यासारख्या कातडीची माणसं गणवेशात, मोठी यंत्रं चालवताना, गोऱ्यांचंच जेवण जेवताना त्यांनी आधी पाहिलेली नव्हती. युद्ध संपता संपता मलायतावर मासिना रूल ही स्वशासनाची चळवळ उभी राहिली. तिच्यात कामगार दलातून परतलेले पुष्कळ होते.

मार्च १९४५, कॅलिफोर्नियातला पोर्ट वायनीमी तळ. ३४ वी बटालियन मायदेशी आलीय आणि बढतीच्या जागांवर पुन्हा गोरेच नेमले गेलेत. हजारच्या आसपास माणसं अन्नाला हात लावत नाहीत. कामावर मात्र वेळेवर हजर होतात, दिवसभर राबतात आणि उपाशी परततात. कामात खोट काढायला जागाच ठेवली नाही, म्हणून बंडाचा ठपका ठेवणं अवघड झालं. कमांडर बदलला गेला आणि बढतीची दारं उघडली. युद्धात अमेरिकन नौदलात सव्वातीन लाखांच्या आसपास सीबी होते, त्यांच्या हातून झालेल्या कामांच्या याद्या लांबलचक आहेत. माझ्या यादीत हा उपास वरच्या जागी आहे. सैन्यात वर्णभेद संपवण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो त्यानंतर तीन वर्षांनी, जुलै १९४८ मध्ये.

आणि शेवटी आजच्या ग्वाडलकनालला. अमेरिकनांनी सोडलेले रस्ते, धक्के आणि पत्र्याच्या अर्धगोल बराकी पाहून ब्रिटिशांनी राजधानी तुलागीहून इथे हलवली आणि होनियारा शहर वाढलं. धावपट्टी बरीच वर्षं पडून होती. १९६९ मध्ये नव्याने बांधून ती नागरी विमानांसाठी खुली झाली. २००३ मध्ये तिचं अधिकृत नाव होनियारा आंतरराष्ट्रीय विमानतळ झालं. गावांत, बागांच्या कुंपणांना, अजून भोकांचे पोलादी पत्रे दिसतात.

मातीत राहिलं ते मात्र पत्र्यांइतकं निरुपद्रवी नाही. १९४२ मध्ये पट्टीखाली रुतलेल्या ज्या न फुटलेल्या बॉम्बने तुमची रांग मुकी व्हायची, तसे गोळे या बेटाच्या पोटात अजून आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये अशा स्फोटकांचं सर्वेक्षण करणारे दोन परदेशी तज्ज्ञ होनियारात स्फोटात मेले. मे २०२१ मध्ये काही लोक एकत्र जमून स्वयंपाक करत होते. चुलीखालच्या जमिनीत पुरलेला जुना तोफगोळा विस्तवाने तापला आणि फुटला. दोन माणसं गेली. शहर वाढतंय, घरांचे पाये खणले जातायत, आणि पोलिसांचं स्फोटकं निकामी करणारं पथक आजही माणसांच्या अंगणांतून, शाळांच्या मैदानांतून तेव्हाचे गोळे उपसून काढतंय.